पुळण पडीक नसते

“काय सुंदर किनारे आहेत तुमचे, आणि नुसते पडून आहेत!”

गेली वीसेक वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. सिंधुदुर्गातून परतलेला पाहुणा बुटातली वाळू झाडत ते म्हणतो, पर्यटनावर लिहिणारा ते आकडे लावून म्हणतो, आणि निवडणूक जवळ आली की तेच वाक्य ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ असं नटूनथटून व्यासपीठावर चढतं. परवा पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ते मला ऐकवलं. तारकर्ली, भोगवे, निवती, वेंगुर्ले, शिरोडा असं सगळं ते तीन दिवसांत उरकून आले होते. पुळणीपर्यंत गाडी जात नाही, वाळूत आडवं व्हायला खाटा नाहीत, साधी पाण्याची बाटली घ्यायची तर गावात चालत जावं लागतं, संध्याकाळी सातनंतर करायला काही नाही, आणि एका ठिकाणी तर वाळत घातलेल्या मासळीचा वास! “गोव्याला बघा,” ते म्हणाले, “तोच समुद्र, तीच वाळू. तुमच्या लोकांना जमलंच नाही.” तेवढ्यात जिलबी आली आणि विषय बुडाला. उत्तर माझ्याकडेच राहिलं, ते इथं देते.

आधी त्यांची बाजू मांडते, कारण ती पोकळ नाही. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १९८१ साली, आणि १९९७ मध्ये तो ‘पर्यटन जिल्हा’ जाहीर झाला. त्यानंतरच्या जनगणना बघा. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली कमी झाली. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलपात असणारी घरं गावोगाव आहेत. त्यांतलं एक आमचं. माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यातलं, आणि त्या घराची किल्ली सध्या पुण्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला आहे. त्यामुळे गावात राहणाऱ्या पोराच्या हाताला काम हवं आणि पर्यटनातून ते मिळू शकतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

माझं भांडण आहे ते ‘पडून’ या शब्दाशी.

पडून काय असतं? पडीक जमीन असते, जिच्यात कुणी काही पेरत नाही. सातबाऱ्यावर एक ‘पोटखराबा’ नावाचा रकाना असतो, तिथं पीक न देणारं सगळं लोटून देतात. पुळणीकडे बघताना आपल्या डोक्यात हाच रकाना उघडतो. दुपारी बारा वाजता गाडीतून उतरलेल्या माणसाला वाळू दिसते, पाणी दिसतं, माणूस दिसत नाही, आणि तो ठरवून टाकतो की इथं काही चालत नाही. दुपारी बाराला भाताच्या शेतावर गेलात तर तिथंही कुणी दिसणार नाही. शेतकरी पहाटे येऊन गेलेला असतो. तसाच रापणकरही.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ आला आहे हे पाण्याचा रंग बदलण्यावरून, वर घिरट्या घालणाऱ्या पाखरांवरून तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, नजरेला कळतं. मग होडीतून जाळं घेऊन निघतात. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात, होडी अर्धवर्तुळ घालत जाळं सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर पुष्कळ लांब जाऊन पुन्हा किनाऱ्याला लागतो. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ओढायचं. पाय वाळूत रोवून, उलट्या चालीनं, दोन्ही घोळके हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. जाळं पाण्याबाहेर यायला सकाळ जाते. कधी बांगडे, कधी तारले आणि पेडवे, कधी नुसता शेवाळ आणि शिव्या. आणि रीत अशी की ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा. तो गावचा असो, शाळेतलं पोर असो, की नुसता फिरायला आलेला असो.

या सगळ्याला काय लागतं? मोकळी, सलग, न अडवलेली पुळण. दोर ओढत मागं जायला जागा लागते, दोन घोळक्यांना सरकायला जागा लागते, जाळं सुकवायला आणि होडी वर घ्यायला जागा लागते. त्या पट्ट्यावर खाटांची आणि छत्र्यांची रांग लावा, समोरच्या पाण्यात जेट-स्की फिरवत ठेवा, आणि रापण संपली. कुणी बंदी घालायची गरज नाही. ज्याला पाहुणा ‘मोकळं’ म्हणतो ते रापणकराचं अवजार आहे. सुताराच्या रिकाम्या बाकाला कुणी पडीक म्हणत नाही.

त्या माणसावर संकट समुद्राच्या बाजूनंही आलेलंच आहे. पर्ससीन जाळ्यांच्या नौका मासळीचे थवेच्या थवे बाहेरच गिळतात. राज्य सरकारला २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर निर्बंध आणावे लागले. दिव्यांच्या झोतात करायची मासेमारी केंद्रानं २०१७ साली बंद केली, पण पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी काही थांबलेल्या नाहीत. म्हणजे पुढून पर्ससीन आणि मागून रिसॉर्ट. मधल्या चिंचोळ्या वाळूवर जो उभा आहे त्याला आपण विचारतो, तुम्ही पुढे का येत नाही?

आजोळी आमच्या घरापलीकडे गाबित मच्छीमारांचा वाडा होता. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी लहानपणी विचारलं होतं, तुम्ही मासे अंगणात का वाळवत नाही, पुळणीवर का? तो म्हणाला, “गो, ह्यां आमचां खळांच.” खळं म्हणजे मालवणीत घरापुढचं सारवलेलं अंगण. तिथं भात झोडतात, आमसुलं वाळवतात, लग्नाचा मांडव घालतात, दशावताराची मंडळी आली तर तिथंच टेकतात, रात्री म्हातारी माणसं वारा खात बसतात. खळ्यात रोज सगळं होतं आणि संध्याकाळी ते झाडून पुन्हा रिकामं होतं. रिकामं दिसणं हा त्याच्या वापराचाच भाग. पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, पण किनारा म्हणजे काय हे मला त्या तीन शब्दांइतकं कुणी सांगितलं नाही.

माणसांचं सोडा. खुद्द वाळूही पडून नसते. पावसाळ्यात गेलात तर नोव्हेंबरात पाहिलेली पुळण जागेवर सापडणार नाही. उधाणाच्या लाटा वाळू उचलून समोरच्या पाण्यात नेतात आणि तिथं तिचा बांध घालतात. त्याच बांधावर पुढच्या मोठ्या लाटा फुटतात आणि किनारा वाचतो. पाऊस सरला, लाटा शांत झाल्या की तीच वाळू थोडीथोडी परत येते. दरवर्षीची ही देवघेव आहे, आणि ती चालू राहायला वाळूला मागंपुढं सरकायला वाव लागतो. त्या वाटेत पक्की भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि परत आणून टाकायला जागा उरत नाही. देवबागला जाऊन बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये गावाची चिंचोळी पट्टी, आणि किनाऱ्याला दगडांचे बंधारे. तिथल्या माणसाला पावसाळ्यात झोप कशी लागते हे विचारा. मग ‘समुद्राला लागून’ खोली हवी असं म्हणताना जीभ थोडी अडखळेल.

वाळू आणि जमीन यांच्या मधोमध एक वेल पसरलेली असते. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळट गुलाबी फुलं, मुळं वाळूत खोल. हिला मराठीत मर्यादावेल म्हणतात. कुणी ठेवलं असेल ते नाव, त्याला माझा नमस्कार. ती वाळू धरून ठेवते, वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूची तिच्याभोवती टेकडी होते, आणि समुद्राला इथवरच यायचं आहे हे ती दाखवते. आता ती हद्द आपल्यालाही लागू व्हावी असं वाटतं, पण किनारा ‘विकसित’ करायला आलेला पहिला जेसीबी पहिल्याच दिवशी तिच्यावरून जातो. झुडपं साफ केली, असं नंतर कागदावर येतं.

आणि एक पाहुणी सांगते, जिला खाटा नको होत्या. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच कासवीण २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. तिला काय हवं होतं? अंधार, आणि न तुडवलेली मऊ वाळू. अंड्यांतून निघालेली पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. हजारो वर्षं तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असे. आता हॉटेलच्या माळा समुद्रापेक्षा उजळ असतात, मग पिल्लं रस्त्याकडे जातात. रत्नागिरीतल्याच वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखली. त्याचा पुढे कासव महोत्सव झाला आणि पाहुणे त्या आडगावात घराघरात मुक्काम करू लागले. इथं सिंधुदुर्गातही वायंगणीसारख्या गावांत घरटी राखणारी माणसं आहेत. त्या पुळणींवर संध्याकाळी सातनंतर ‘करायला काही नाही’ असं म्हणणाऱ्यानं एकदा मार्चमधल्या पहाटे तिथं उभं राहावं.

आता गोवा.

गोव्याबद्दल मला असूया नाही, राग तर मुळीच नाही. पण गोव्याचा दाखला देणारे गोव्याच्या माणसाला विचारायला विसरतात. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा तिथले रापणकर, ज्यांना ते रांपोणकार म्हणतात, माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं रस्त्यावर उतरले होते. पुढच्या दशकात परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं दाबोळीला उतरू लागली तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ नावाचा गट त्यांच्या विरोधात उभा राहिला. म्हणजे ज्या यशाचं उदाहरण आपल्याला देतात, त्याच्यावर तिथंच चाळीस वर्षांपूर्वी आक्षेप नोंदवलेले आहेत, आणि ते नोंदवणारे आळशी नव्हते, अडाणी नव्हते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, आणि २०२४ मध्ये सरकारी हिशेबानं एक कोटीवर पर्यटक येऊन गेले. यजमान एक आणि पाहुणे सात. कुठल्याही घरात हा हिशेब मांडून बघा, वर्षभर.

आणखी एक गोष्ट. २०००च्या पावसाळ्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिज वाहणारं जहाज कांदोळीच्या वाळूत रुतलं. जगभरचे पाहुणे येणाऱ्या, सगळं ‘जमलेल्या’ त्या किनाऱ्यावर ते गंजत जवळपास बारा वर्षं उभं होतं. किनाऱ्याला पैसा मिळतो म्हणजे किनाऱ्याला वाली मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढं पुरे.

मात्र गोव्याकडून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि गंमत अशी की ‘गोव्याला बघा’ म्हणणाऱ्या एकाच्याही तोंडून मी ती ऐकलेली नाही. २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर पगारी, शिकवून तयार केलेले जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या निशाणांमध्ये पोहायचं, लाल निशाण असेल तर पाण्यात जायचं नाही, आणि शिट्टी वाजली की बाहेर.

आपल्याकडे? २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक दगावले. दर वेळी तेच: चौकशी, पाट्या, चार दिवस पोलीस, आणि पुन्हा सारं थंड. दर वेळी पाण्यात पहिली उडी घेणारा कोण होता, तेही बातमीत शेवटच्या ओळीत असतं. स्थानिक मच्छीमार.

इथं मला ‘निवांत’ या दुसऱ्या शब्दाकडे वळायचं आहे. निवांत किनारा हवा, असं सगळेच म्हणतात. समुद्राच्या बाबतीत हा शब्द घात करतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायलाच हवं. ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरानं आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, फेस कमी असतो, पाणी शांत वाटतं. दोन्ही बाजूंना लाटा खळाळत असताना पोहायला न येणारा माणूस साहजिकच तो निवांत तुकडा निवडतो. ओढ लागली की घाबरून तो थेट किनाऱ्याकडे पोहायला बघतो, आणि दमतो. तिथं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं असतं. माझा मामा मास्तर होता, मासे फक्त ताटातले ओळखायचा, तरी तोही सकाळी पाण्याकडे बघून सांगायचा, “आज दर्यात जाव नको गो, पाणी आत ओढता.” हे त्याला कुठल्या फलकानं शिकवलं नव्हतं. गावात तेव्हा समुद्राकडे बघणारी माणसं होती आणि ती एकमेकांना सांगत असत. किनाऱ्यावरून ही माणसं उठवलीत, त्यांच्या जागी हंगामापुरते बाहेरून आणलेले कामगार ठेवलेत, तर पाण्याच्या खुणा वाचणार कोण?

पुढचा आरोप नेहमीचा: कोकणी माणूस कशालाही विरोधच करतो. त्याला धरण नको, कारखाना नको, हॉटेल नको. खरं आहे, विरोध होतो. पण मालवणचंच बघा. १९८७ मध्ये तिथं सरकारनं २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर केलं. प्रवाळ, मासे, सगळं जपायला. हेतू उत्तमच. मच्छीमारांनी त्यालाही विरोध केला. मग हॉटेलवाले आणि निसर्गवाले दोघंही म्हणाले, बघा, यांना काहीच नको. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. नकाशावर निळा चौकोन आखणारा आणि त्याच किनाऱ्यावर पंचतारांकित खोल्या आखणारा, दोघांनीही तिथं आधी कुणी आहे हे धरलेलंच नव्हतं. एकाला वाटलं, हे निसर्गाचं आहे. दुसऱ्याला वाटलं, हे कुणाचंच नाही. रापणकराला दोन्ही एकाच आवाजात ऐकू आलं.

त्यातून कायद्याची गत बघा. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामं होऊ देऊ नका. दहा वर्षांनी, १९९१ च्या अधिसूचनेत, ग्रामीण किनाऱ्यावर बांधकाम नको असलेला पट्टा २०० मीटरचा झाला. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आला, आणि तात्पुरत्या पर्यटन सोयींना तर भरतीरेषेपासून दहा मीटरवर मुभा मिळाली. या अटींमुळे किनाऱ्यावरच्या माणसाला स्वतःचं घर वाढवतानाही त्रास होतो, हे मी नाकारत नाही. पण पाचशे, दोनशे, पन्नास, दहा हा आकड्यांचा उतार बघून ‘आमच्याकडे फार कडक नियम आहेत, म्हणून विकास अडला’ असं कुणी म्हणालं, तर मला हसू येतं.

आता आमच्या माणसांचं. सगळा दोष पाहुण्यावर ढकलून मोकळं होण्यात काही अर्थ नाही. किनाऱ्यालगतची जमीन दलालाला विकणारा हात आमचाच असतो. वाळूत शोषखड्डा आणि दहा पावलांवर विहीर, हा उद्योग बाहेरून आलेल्या कंपनीनं केलेला नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पाहुण्यांना दाखवायला माशांना ब्रेडचे तुकडे टाकतात, प्रवाळावर पाय ठेवून फोटो काढू देतात, ते आमचेच पोरगे. विनापरवाना बोटी आमच्याच. आणि ‘येवा, कोकण आपलोच असा’ ही पाटीही आम्हीच लावली. किती गोड वाक्य! पण पाहुणा ते शब्दशः घेतो. आपलोच म्हटल्यावर तो गाडी थेट वाळूत घालतो.

ही वाळूतली गाडी हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी टणक दिसते. चार चाकांना जोर असलेली मोठी गाडी, आत मोठ्यानं गाणी, एकजण खिडकीतून बाहेर काढलेल्या मोबाइलवर चित्रण करतोय. दोनशे मीटरवर चाकं बसतात. वेग वाढवला की आणखी बसतात. मग भरतीची पहिली जीभ टायरला लागते आणि आतली गाणी बंद होतात. अशा वेळी कोण येतं? बाजूला जाळं निवडत बसलेली तीच माणसं, दोर घेऊन. मी एकदा हे पाहिलं आहे. गाडी निघाल्यावर मालकानं पाचशेची नोट काढली. तांडेलानं ती घेतली, घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाला, “पुढच्या वेळाक गाडी थंय, माडाखाली.” एवढंच. त्या माडाखालून पुळण शंभर पावलं आहे. पंगतीतल्या गृहस्थांची पहिली तक्रार होती ती याच शंभर पावलांची.

रोजगाराचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो टाळणार नाही. तारकर्ली-देवबागला मच्छीमारांच्या घरांत निवास-न्याहारीच्या खोल्या उभ्या राहिल्या. तिथं पाहुण्याच्या ताटात आलेला बांगडा समोरच्या पाण्यातला, नारळ परसातला, सोलं शेजारणीकडची, तिरफळं झाडावरची. घावणे घालणारी बाई त्या घराची मालकीण असते. दर तीच ठरवते, आणि न आवडलेल्या गिऱ्हाईकाला पुढच्या वेळी जागा नाही म्हणून तीच सांगते. याच्या जागी दोनशे खोल्यांचं हॉटेल आलं तर तिच्या घरात कदाचित दोन पगार येतील, एक फाटकावरच्या चौकीतला आणि एक चादरी बदलायचा. आकड्यांत त्याला रोजगारनिर्मिती म्हणतील. तिला मात्र पुळणीवर जायला त्याच फाटकातून ओळखपत्र दाखवून जावं लागेल. मालकिणीची नोकरीण करून तिला वर कृतज्ञ राहायला सांगणारी योजना तिनं नाकारली, तर तिला आळशी म्हणायचं धाडस मला होत नाही.

मागायचंच असेल तर साध्या गोष्टी मागू. प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी पाणी असलेली, कडी लागणारी स्वच्छतागृहं, विशेषतः बायकांसाठी. ओले कपडे बदलायला आडोसा. बारा महिने पगार मिळणारे, गावातलेच जीवरक्षक. कचरा रोज उचलणारी गाडी आणि तो टाकायला डोंगराचा उतार सोडून दुसरी जागा. विमानतळ दोन झाले, चिपी २०२१ मध्ये आणि शेजारी मोपा त्याच्या पुढच्या वर्षी. कोकण रेल्वेला पंचवीस वर्षं होऊन गेली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणावर तर मी बोलतच नाही, माझं रक्त आटतं. पाहुण्याला किनाऱ्यापर्यंत पोचवण्यावर कोट्यवधी खर्च झाले, आणि पोचल्यावर त्याच्या बायकोनं शौचाला जायचं कुठं हे अजून ठरलेलं नाही. या तक्रारीवर पंगतीतल्या गृहस्थांशी माझं शंभर टक्के जमलं असतं. पण ती त्यांच्या यादीत नव्हती.

शिरोड्याच्या पुळणीजवळ मिठागरं आहेत. १९३० च्या मे महिन्यात तिथं मिठाचा सत्याग्रह झाला, लांबलांबून स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या. समुद्राच्या पाण्यातून मूठभर मीठ उचलायला कुणाची परवानगी घ्यायची, यावर ते भांडण होतं. आज तिथं सुरूच्या बनात बसून भजी खाणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं असं नाही. पण ‘इथं काहीच नाही’ असं म्हणण्याआधी त्यानं कुणाला तरी विचारावं, एवढी अपेक्षा मी ठेवीन.

मग यायचं की नाही? असं ते गृहस्थ विचारतील. या की. डिसेंबर-जानेवारीत या, रात्रीच्या गाडीनं कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरा, घरगुती खोली घ्या. पहिल्या दिवशी काहीही करू नका, तुम्ही त्यासाठीच आलात. दुसऱ्या दिवशी सहाला उठून पुळणीवर जा, अनवाणी. लांबून हाका ऐकू आल्या आणि दोन रांगा वाकलेल्या दिसल्या तर जवळ जाऊन दोराला हात लावा. कुणी काही विचारणार नाही. हाताला फोड येतील, तासाभरानं कंबर बोलू लागेल. जाळं वर आलं की तुमच्या पुढ्यातही पाच-सहा तारले पडतील, हलणारे. ते साफ करायला घरच्या वहिनींना सांगा, पण आदल्या रात्रीच विचारून ठेवा, सकाळी त्यांना वेळ नसतो. आणि पिशवी बरोबर न्या. पुळणीवर पिशवी मिळत नाही.